मोठ्यानं वाच, मी ऐकतेय

 

मागच्या वेळी मी कर्जाचे हप्ते आणि व्याज यावर बोलले. त्यावर बऱ्याच जणींनी सांगितलं, "ताई, समजलं, पण झोप आली." म्हणून आज हिशोब बाजूला ठेवते. आज एका संध्याकाळबद्दल बोलते.

मी बचत गटांची सहयोगिनी आहे हे तुम्हाला माहीत आहेच. माझ्याकडे चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यातली काही गावं आहेत. घोटवरून मुलचेऱ्याकडे निघालं की मधेमधे गावांच्या पाट्या बदलतात. सुभाषग्राम, विवेकानंदपूर, सुंदरनगर, कालीनगर. आपल्याकडच्या जुन्या गावांची नावं अशी नसतात. ही बंगाली लोकांची गावं. घरामागे छोटं तळं, तळ्यात मासे, अंगणात केळी, आणि बायांच्या हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या. तिथल्या एका गटाची बैठक होती. कर्ज कोणाला आधी द्यायचं यावरून बोलणं लांबलं आणि माझी शेवटची गाडी गेली. मग गटाच्या कोषाध्यक्षबाईंनी मला घरी नेलं.

रात्री लाईट गेली. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट जाण्याची कोणाला नवलाई? मला वाटलं, आता पोरं उंडारायला सुटतील. पण घरातली मोठी मुलगी उठली, सौर दिवा आणला, चटई अंथरली आणि बसली. ती दहावीत होती. तिच्या मागोमाग सातवीतला भाऊ आला, चौथीतली बहीण आली, आणि शेजारचं एक लहानगं पाटी घेऊन आलं. दिव्याभोवती चौघं गोल. मोठी स्वतःचं गणित सोडवत होती आणि मधूनच सातवीतल्याची वही ओढून त्यात खूण करत होती. सातवीतला चौथीतलीला पाढे विचारत होता. चौथीतली त्या लहानग्याचा हात धरून 'क' गिरवून घेत होती.

भिंतीला टेकून त्यांची आजी बसली होती. ऐंशीच्या घरातली. तिला एक अक्षर येत नाही, हे तिनंच मला सांगितलं. ना बंगाली, ना मराठी. पण मधूनच ती हातातली काठी जमिनीवर आपटायची आणि म्हणायची, "जोरे पोड." म्हणजे मोठ्यानं वाच.

मी विचारलं, "आजी, तुम्हाला मराठी पुस्तकातलं काय समजतं?"

त्या हसल्या. त्यांची मराठी अर्धी हिंदी, अर्धी बंगाली. म्हणाल्या, "मा, मला धडा समजत नाही. पण गाडी कुठं अडकली ते कानाला समजतं. अडकलं की मी म्हणते, पुन्हा वाच."

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. डासांमुळे लागली नाही असं घरी सांगितलं, पण कारण वेगळं होतं. ते पुढे सांगते.

आधी ही माणसं इथं आली कशी ते सांगते, कारण आपल्या कितीतरी तरुण पोरींना ते माहीत नाही. "बंगाली कॅम्प" म्हणतात सगळे, पण कॅम्प का म्हणतात ते विचारत नाहीत.

१९४७ साली देशाची फाळणी झाली. पंजाबचं आपण सिनेमात पाहतो. तिकडे बंगालचेही दोन तुकडे झाले आणि पूर्वेकडचा भाग पूर्व पाकिस्तान झाला. तिथले हिंदू सगळे एकदम आले नाहीत. थोडे फाळणीत आले, १९५० च्या दंगलीनंतर आणखी आले, १९६४ साली खुलना, ढाका या भागात मोठी दंगल झाली तेव्हा फार मोठी लाट आली, आणि पुढे १९७१ च्या युद्धात तर लोंढेच आले. पैसेवाले, शिकलेले लोक आधीच कलकत्त्याला जाऊन स्थिरावले होते. मागून आले ते शेतमजूर, कोळी, नावाडी. त्यातले पुष्कळ नमःशूद्र समाजाचे. पश्चिम बंगालमध्ये जागा नाही म्हणून त्यांना आगगाडीनं मध्य भारतात आणलं. रायपूरजवळ माना इथं मोठी छावणी होती. तिथून पुढे वाटणी व्हायची. १९५८ साली केंद्र सरकारनं दंडकारण्य प्रकल्प काढला होता, त्यात बस्तर आणि ओडिशातलं कोरापुट. आणि काही कुटुंबं आली आपल्या चांदा जिल्ह्याच्या जंगलात. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हताच, तो १९८२ साली वेगळा झाला.

विचार करा. ज्या माणसांनी जन्मभर नदी, नाव आणि मासे पाहिले, ती सागाच्या आणि मोहाच्या जंगलात उतरली. भाषा वेगळी, झाडं वेगळी, ताप वेगळा. आजी म्हणाल्या, पहिल्या वर्षी त्या वाघाला इतक्या भ्यायल्या नाहीत जितक्या पाणी नसलेल्या नाल्याला भ्यायल्या. नदी कोरडी पडते हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. दंडकारण्यातले कितीतरी लोक १९७८ मध्ये सगळं सोडून परत बंगालकडे निघाले, सुंदरबनातल्या मरीचझांपी बेटावर गेले, आणि तिथूनही त्यांना हाकलून काढलं गेलं. त्यात माणसं मेली. आजीच्या ओळखीचे लोक त्यात होते. त्यावर त्या जास्त बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

एक गोष्ट आपणही मान्य करायला पाहिजे. ही जमीन रिकामी नव्हती. इथं माडिया, गोंड, आपले शेतकरी आधीपासून होते. जंगल तोडून कोणाला तरी जमीन दिली की कोणाचं तरी मोहाचं झाड जातं. त्याची कुरबुर आजही गटाच्या बैठकीत कधीकधी निघते, मी ती ऐकते. पण पोटासाठी पळून आलेल्या बाईनं ती जागा नकाशावर निवडली नव्हती, हेही खरं.

आता तुम्हाला थोडं लांब नेते. मी बीएला समाजशास्त्र घेतलं होतं. एका प्रशिक्षणात सरांनी आम्हाला व्हिएतनाम आणि लाओसच्या निर्वासितांवरचा एक अभ्यास सांगितला होता. त्या वेळी मी तो वहीत उतरवून घेतला आणि विसरले. आजीच्या घरी ती वही आठवली.

व्हिएतनाम म्हणजे आपल्यासारखाच भात खाणारा, मासे धरणारा देश. तिथं अमेरिकेनं केलेलं मोठं युद्ध १९७५ च्या एप्रिलमध्ये संपलं. पण माणसांचं पळणं त्यानंतर वाढलं. १९७८ पासून तर लोक लहान लहान होड्यांत बसून समुद्रात निघाले. कितीतरी बुडाले, कितीतरींना समुद्री लुटारूंनी लुटलं. लाओसचे लोक रात्री मेकाँग नदी ओलांडून थायलंडात गेले. तिथल्या छावण्यांत महिने, वर्षं काढली. मग त्यातल्या अनेकांना अमेरिकेनं घेतलं. हातात पैसा नाही, इंग्रजी नाही, आणि मुलांची शाळा छावणीत बुडालेली. उतरले ते शहरातल्या गरीब वस्त्यांत, जिथल्या शाळांबद्दल तिथलेच लोक नाक मुरडायचे.

मिशिगन विद्यापीठाचे नेथन कॅप्लन, जॉन व्हिटमोर आणि मार्सेला चॉय या तिघांनी ह्या कुटुंबांचा अभ्यास केला. २०० कुटुंबं आणि त्यांची शाळेत जाणारी ५३६ मुलं. ही कुटुंबं अमेरिकेत येऊन सरासरी साडेतीन वर्षंच झाली होती. मुलांचे निकाल पाहिले तर चारात एकाहून जास्त मुलांना एकूण 'अ' श्रेणी, आणि निम्म्याहून जास्त मुलांना 'ब'. गणितात तर जवळजवळ निम्मी मुलं 'अ' श्रेणीत. इंग्रजी भाषेत मागे होती, आणि ते साहजिक आहे.

मग त्या संशोधकांनी घरात काय चालतं ते पाहिलं. आणि मैत्रिणींनो, वहीतलं ते पान मी आता पुन्हा काढून वाचलं, तर त्यात मुलचेऱ्याची चटईच होती. फक्त तिथं चटईऐवजी टेबल.

रात्रीचं जेवण झालं की टेबल पुसायचं आणि सगळी भावंडं अभ्यासाला बसायची. मोठं धाकट्याला शिकवायचं. आईबाप स्वतः घरकाम उरकायचे, म्हणजे पोरांचा वेळ मोकळा राहावा. मोठ्या वर्गातली मुलं रोज सरासरी तीन तास दहा मिनिटं अभ्यास करायची, जेव्हा तिथली इतर मुलं दीड तासाच्या आसपास करत होती. आपल्याला वाटतं, जास्त पोरं असलेल्या घरात अभ्यास होत नाही. तिथं उलटं दिसलं. जास्त भावंडं असलेल्या घरातली मुलं पुढे होती. कारण चौथीचा धडा दुसऱ्याला शिकवताना सातवीच्या मुलाचा स्वतःचाही पक्का होतो. (म्हणून आणखी लेकरं होऊ द्या असं मी म्हणत नाही हं. दोन घरची मुलं एकत्र बसवली तरी भावंडं वाढतातच.)

आणखी एक. ज्या घरात आईबाप मुलांना मोठ्यानं वाचून दाखवायचे, त्या घरातली मुलं पुढे होती. आणि ते वाचन इंग्रजीत असो की त्यांच्या स्वतःच्या भाषेत, फरक पडत नव्हता. हे ऐकून मला आजीची काठीच आठवली. म्हणजे आईला शाळेची भाषा आली पाहिजे असं नाही. आईनं त्या वेळेला तिथं असलं पाहिजे.

त्या लोकांना विचारलं, तुमचं पोरगं पुढे कशानं गेलं? ते नशीब म्हणाले नाहीत, हुशार जन्मलं असंही म्हणाले नाहीत. कष्ट म्हणाले. आपल्याकडे काय म्हणतो आपण? "तिले डोकंच नाही." सहा वर्षांच्या पोरीसमोर म्हणतो. मी स्वतः म्हटलेलं आहे.

आता त्या रात्री झोप का लागली नाही ते सांगते. त्या अभ्यासात अजून एक गोष्ट होती, जी मी वहीत लिहिली होती आणि तिच्याखाली रेघही मारली होती. ज्या घरांत मुलगा-मुलगी समान मानले जात, ज्या घरांत नवरा भांडी घासायला, कपडे धुवायला हात लावायचा, त्या घरांतली मुलं अभ्यासात जास्त पुढे होती. रेघ मारून मी घरी आले होते. आणि माझ्या घरी काय? मी गटांच्या बैठका करून सात-साडेसातला पोहोचते. तोपर्यंत माझी अकरा वर्षांची पोरगी भात टाकून, भांडी घासून, उद्याची कणीक मळून बसलेली असते. आणि तेरा वर्षांचा पोरगा बापाचा मोबाईल घेऊन खाटेवर. मी आल्यावर पोराला म्हणते, अभ्यास कर. पोरीला म्हणते, चुलीपाशी बघ. गावोगाव समानतेवर बोलणारी बाई मी. आजीच्या घरी चटईवर मुलगी मोठी होती आणि भाऊ तिच्याकडून शिकत होता, हे पाहिलं आणि आतून काहीतरी टोचलं.

सकाळी मी आजींना म्हटलं, तुमच्याकडे पोरींना चांगलं शिकवता. तर त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "आता शिकवते. आधी नाही शिकवलं." त्यांना दोन मुली आणि एक मुलगा. मुलगा चटईवर बसायचा, मुली चुलीकडे. "आमचं सगळं गेलं होतं मा. वाटलं, एक पोरगा शिकला तरी घर उठेल. घर उठलं. पोराला नोकरी लागली. मुली राहिल्या." मोठी मुलगी आता गटाची सदस्य आहे आणि अंगठा लावते. आईच्या घराला लागूनच राहते. आजी म्हणाल्या, "ती माझ्याशी भांडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं."

मी त्यावर काही बोलले नाही. तुम्हीही बोलला नसता.

आता कोणी म्हणेल, म्हणजे काय, घरी चटई टाकली की झालं? नाही हो. मी स्वयंसहायता गटात काम करते, तरी सगळं स्वतःच्या कष्टावर ढकलणाऱ्यांचा मला राग येतो. ह्याच बंगाली गावांतली मुलं बारावीला चांगले गुण घेतात आणि मग दाखल्याला अडतात. नमःशूद्र समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. त्यातून इथं जातीच्या दाखल्यासाठी १९५० च्या आधीचा महाराष्ट्रातला रहिवास विचारतात. जे कुटुंब १९६४ साली आलं ते १९५० चा कागद कुठून आणणार? म्हणजे अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती नाही, सवलत नाही. ती मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. चटईवर कितीही तास बसलं तरी त्यानं दाखला निघत नाही. तो सरकारनंच काढायचा असतो.

आणि सगळ्याच निर्वासितांचं सारखं झालं असंही नाही. लाओसच्या डोंगरातले हमोंग लोक अमेरिकेत गेले, त्यांच्या मुलांना शाळेत फार जास्त झगडावं लागलं. डोंगरउतारावर फिरती शेती करणारे लोक. त्यांच्या आजच्या लिपीची सुरुवातच १९५० नंतर झालेली. आईबापांनी शाळा कधी पाहिली नव्हती, कागद कधी धरला नव्हता. मला हे वाचताना भामरागड, एटापल्लीची आपली माडिया लेकरं दिसली. ती कुठूनही पळून आलेली नाहीत. ती आपल्याच गावात आहेत, आपल्याच जंगलात. तरी पहिलीत गेल्यावर बाई मराठीत बोलते आणि लेकरू गप्प बसतं. आपल्या घरापासून दोन किलोमीटरवर त्याला परका देश लागतो. हेमलकशाच्या लोकबिरादरीची शाळा १९७६ मध्ये सुरू झाली, तिथून शिकलेली माडिया मुलं आज डॉक्टर, शिक्षक, वकील आहेत. म्हणजे डोकं होतंच. कोणीतरी त्या लेकराच्या भाषेपासून सुरुवात करायची होती.

तर गेल्या वर्षी मी हा विषय माझ्या तीन गावांच्या ग्रामसंघात मांडला. संध्याकाळी सात ते आठ, टीव्ही बंद, मोबाईल फळीवर, चटई अंथरायची, मोठ्यानं धाकट्याला शिकवायचं आणि आई जवळ बसणार. बसणार म्हणजे बसणार, तिथून उठून भाजी ढवळायला जाणार नाही. बायांनी माना डोलावल्या. दोन आठवड्यांनी गेले तर एका गावात काहीच नव्हतं. एका गावात चटई होती, पोरं होती, पण आया नव्हत्या. विचारलं तर म्हणाल्या, "ताई, आमी बसलो का पोट्टे हासतेत. म्हणतेत, तुले काय येते?"

मग आम्ही एक केलं. वाचता न येणाऱ्या आयांनी पोरांना शिकवायचं नाही, पोरांकडून ऐकायचं. "धडा वाचून दाखव, मले गोष्ट सांग त्यात काय हाये." पोरांना हे आवडलं. आईला काही सांगायचं म्हटलं की लेकराची छाती दोन इंच वाढते. माडिया टोल्यावरच्या बायांनी त्यात भर घातली. मराठीत वाचायचं आणि आईला माडियात सांगायचं. एका बाईनं मला सांगितलं की पोरगं ससा-कासवाची गोष्ट माडियात सांगताना तिनं मधेच त्याला थांबवून स्वतःच्या आजीची गोष्ट सांगितली, आणि त्या दिवशी अभ्यास राहिलाच. मी म्हटलं, नाही राहिला.

एका ठिकाणी सगळ्या गावाची मुलं बसवायचा बेत मात्र सोडावा लागला. चंद्रपूरकडच्या सिंदेवाही, ब्रह्मपुरी भागातल्या मैत्रिणींना हे सांगायला नको. अंधार पडल्यावर लेकरू एका टोल्यावरून दुसऱ्या टोल्यावर पाठवायची कोणाची हिंमत? वाघ काही ग्रामसंघाचा ठराव पाहत नाही. म्हणून दोन-तीन घरांची एक चटई. रोवणीच्या दिवसांत चटई बंद पडते, मोहफुलांच्या दिवसांत पहाटे तीनला उठलेलं पोरगं संध्याकाळी सातला बसल्या जागी झोपतं, तेंदूच्या दिवसांत तर कोणी कोणाला विचारत नाही. वर्षातले सात-आठ महिने चालली तरी पुष्कळ, असं मी धरलं आहे.

आमच्या घरीही चटई आहे. पोरगा भांडी घासतो. पहिल्या आठवड्यात दोन कप फुटले आणि सासूबाई तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवरा म्हणाला, "कामासाठी पोरगी होती ना?" मग त्या वाक्यावर आमचं जे भांडण झालं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. पण भांडी आता दोघं आळीपाळीनं घासतात.

आता शेवटचं. जानेवारी लागला की आपल्या भागातून किती घरं तेलंगणात मिरची तोडायला जातात, तुम्हाला ठाऊक आहे. जीप येते, ताडपत्री, भांडी, लेकरं, सगळं भरलं जातं. मार्चमध्ये परत आलं की लेकराची शाळा सुटलेलीच असते. आमच्या एका गटातली बाई, नवरा नाही, नववीतली पोरगी. दरवर्षी पोरीला घेऊन जायची. दोघींची तोडणी, दोघींची मजुरी. गेल्या वर्षी मी म्हटलं, पोरीला ठेवून जा. ती म्हणाली, "ताई, पोरगी ठेवली का माही अर्धी मजुरी गेली. ते तू देशील का?"

प्रश्न बरोबर होता. मी सहयोगिनी आहे, मी कुठून देणार? त्या दिवशी मी गप्प घरी आले.

पण पुढच्या बैठकीत गटातल्याच एका म्हाताऱ्या बाईनं विषय काढला. गटाकडं अंतर्गत कर्जाची रक्कम होती. घासाघीस झाली. एक जण म्हणाली, पोरीच्या शाळेसाठी कर्ज, मग ते फेडणार कोण? दुसरी म्हणाली, शेळीसाठी देतो तेव्हा शेळी फेडते का? शेवटी कमी व्याजानं रक्कम द्यायची ठरलं, फेड आईनं मिरचीच्या मजुरीतून आणि पुढच्या तेंदूच्या हंगामातून करायची. पोरगी आजीजवळ राहिली. नववी पास झाली.

यंदा ती दहावीला आहे. आई परत मिरचीला गेली आहे. जाताना तिनं पोरीला एक अट घातली. रोज सात वाजता फोन लावायचा, फोन स्पीकरवर ठेवायचा आणि वाचायचं. आई तिकडे शेताच्या कडेला ताडपत्रीखाली चूल पेटवत असते आणि इकडे पोरगी इतिहास वाचत असते. आई सगळं ऐकते. तिच्याजवळ बसलेल्या इतर बायाही ऐकतात. परवा त्यातल्या एकीनं विचारलं म्हणे, तो कालचा राजा पुढं काय झाला?

मागच्या सोमवारी मी त्यांच्या घरी होते. सात वाजले. पोरीनं फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. तिकडे रेंज नव्हती. मला वाटलं, आज सुट्टी. पोरीनं फोन तसाच चटईवर ठेवला, पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. आजी चुलीजवळून म्हणाली, "मोठ्यानं वाच वं, मी ऐकून रायली."